पुतळा व्हायला कुणी सांगितलं होतं?

सांगलीहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. चार पानं, हाताने लिहिलेली. नाव छापू नका म्हणतात, तेव्हा नावाशिवाय आणि थोडं आटोपतं करून देते.

"ताई, नमस्कार. माझं वय ४१. मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. वडील त्याच यार्डात तोलार होते, उभी हयात हळदीच्या पोत्यांत गेली. त्यांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. मिरजेला अकरा दिवस अ‍ॅडमिट होते. बिलं, औषधं, रक्ताच्या बाटल्या, सगळी धावपळ मी केली. पण त्यांच्याजवळ बसलो नाही. आई, बायको आणि बहीण पाळीपाळीने बसायच्या. मी खाली गाडीत बसून मोबाईलवर स्टोइक या जुन्या ग्रीक-रोमन तत्त्वज्ञानाचे व्हिडिओ ऐकायचो. जे आपल्या हातात नाही त्याचा त्रास करून घ्यायचा नाही, हे मी तेव्हा घट्ट धरलं. बाबा गेले तेव्हा रडलो नाही. अजूनही रडलेलो नाही.

कॉलेजात असताना डॉ. दाभोलकरांचं भाषण ऐकलं, तेव्हापासून देव आणि कर्मकांड सोडलं. त्याचा पश्चात्ताप नाही. पण बायको म्हणते, तुम्ही दगड झालात. नऊ वर्षांच्या मुलीने परवा विचारलं, 'तुम्हाला आजोबा आवडत नव्हते का?' २०१९ च्या पुरात मी आठ दिवस बोटीवर होतो. आता गल्लीतल्या कुठल्याच कामात पुढे होत नाही, सगळंच हाताबाहेरचं वाटतं.

मध्यंतरी वाचनालयात एक पुस्तक चाळताना कळलं की स्टोइक लोक ईश्वरी योजना मानायचे. मग मी अर्धंच उचललं का? नास्तिकाला हे तत्त्वज्ञान चालतं का? आणि आईला वर्षश्राद्ध करायचं आहे. मी बसावं का? बहीण एकदा म्हणाली होती की बाबा शेवटी तुझ्याबद्दल बोलत होते. मी विषय बदलला."

तुमच्या प्रश्नांकडे येतेच. आधी मला त्या गाडीबद्दल बोलायचं आहे.

एपिक्टेटस नावाचा स्टोइक तत्त्वज्ञ इसवी सन ५० च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानात जन्मला. तो गुलाम होता आणि एका पायाने अधू. पुढे मुक्त झाला, रोममध्ये शिकवू लागला. सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हाकलून लावलं तेव्हा ग्रीसमधल्या निकोपोलिसला जाऊन त्याने शाळा काढली. स्वतः त्याने एक ओळ लिहिली नाही. आरियन नावाच्या शिष्याने वर्गात बसून टिपणं घेतली, म्हणून तो आपल्यापर्यंत आला. तुम्ही मोबाईलवर ऐकलेलं 'हातातलं आणि हाताबाहेरचं' हे मुळात याचंच.

त्या टिपणांत एक प्रसंग आहे. एक सरकारी अधिकारी एपिक्टेटसला भेटायला येतो. बोलता बोलता सांगतो की मध्यंतरी माझी मुलगी फार आजारी होती, मला तिच्याजवळ थांबवेना. मी घराबाहेर निघून गेलो आणि ती बरी झाल्याचा निरोप आल्यावरच परतलो. एपिक्टेटस विचारतो, हे बरोबर केलंस? तो म्हणतो, बापाचं काळीज आहे, असंच व्हायचं. मग एपिक्टेटस त्याला एकेक प्रश्न विचारत जातो. मुलीवर तिच्या आईचं प्रेम होतं का? होतं. मग तिनेही सोडून जायला हवं होतं का? दाईचं होतं का, सांभाळणाऱ्या नोकराचं होतं का? त्या सगळ्यांनीही निघून जायचं, आणि ज्यांना तिची काही पडलेली नाही त्यांच्या हातात पोरीला सोडायचं? आणि तू स्वतः आजारी पडलास तर तुझ्या माणसांनी तुझ्यावर असं प्रेम करावं असं तुला वाटेल का, की प्रेमापोटीच ते तुला एकटं टाकून जातील?

दोन हजार वर्षांपूर्वीचं हे बोलणं आहे. तुमचं पत्र वाचलं आणि तो अधिकारी मला मिरजेच्या हॉस्पिटलखाली काच वर करून बसलेला दिसला.

हे तुम्हाला टोचावं म्हणून सांगत नाही. त्या अकरा दिवसांत ज्याला तुम्ही शांतपणा समजत होतात ती भीती होती, आणि भीती वाटणं यात गुन्हा काही नाही. चूक झाली ती तिला तत्त्वज्ञानाचं नाव देण्यात. नाव चांगलं मिळालं की भीती घरात कायमची मुक्कामाला येते. हे मी अनुभवाने सांगते. माझे यजमान गेले तेव्हा पाचव्या दिवशी मी वर्गावर गेले आणि दोन तास घेतले. सगळे म्हणाले, काय धीराची बाई. मलाही तसंच वाटलं होतं. घरात मुलगा एकटा बसला होता आणि त्याच्यासमोर बसायचं मी टाळत होते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. तत्त्वज्ञान शिकवत होते, तरी.

एपिक्टेटस आणखी एके ठिकाणी अगदी स्वच्छ सांगतो की मी पुतळ्यासारखा भावनाशून्य होता कामा नये. माझी नाती मला सांभाळायची आहेत, मुलगा म्हणून, भाऊ म्हणून, बाप म्हणून, नागरिक म्हणून. तुमच्या बायकोने दगड हा शब्द वापरला, एपिक्टेटसने पुतळा हा वापरला. दोघांचं म्हणणं एकच आहे.

रडण्याबद्दलही त्या लोकांचं मत व्हिडिओत सांगतात तसं नव्हतं. सेनेका या रोमन स्टोइकाने लुसिलियस या मित्राला लिहिलेली १२४ पत्रं आपल्याला मिळाली आहेत. त्यातल्या एकात तो मित्र गमावलेल्या लुसिलियसची समजूत घालतो. डोळे कोरडे राहू नयेत आणि वाहतही राहू नयेत, असं त्याचं म्हणणं. आणि त्याच पत्रात कबूल करतो की स्वतःचा जिवलग सेरेनस गेला तेव्हा मी बेसुमार रडलो होतो. पुढे स्वतः सम्राट झालेल्या मार्कस ऑरेलियस या स्टोइकाची तर एक हृद्य आठवण जुन्या चरित्रात आहे. लहानपणी सांभाळणारा शिक्षक वारला म्हणून तो रडत होता. राजवाड्यातले नोकर त्याला थांबवू लागले. तेव्हा त्याचा दत्तक बाप, सम्राट अँटोनायनस म्हणाला की त्याला माणूस असू द्या, तत्त्वज्ञानाने काय किंवा सिंहासनाने काय, माया काही जात नाही.

मग भावनांवर ताबा वगैरे जे म्हणतात ते काय? स्टोइकांना खटकत होते ते विकार, म्हणजे चुकीच्या समजुतीतून उसळणारे आवेग. आपल्याकडे कुणी अपमान केला की आठ-आठ दिवस मनात घोळवत बसतात, शेजाऱ्याने स्लॅब टाकला की इकडे झोप उडते, तसे. अचानक येणारा हुंदका, भीतीने चेहरा पांढरा पडणं, यांना ते विकार म्हणतच नसत. वादळात सापडलेल्या जहाजावर एक स्टोइक तत्त्वज्ञही पांढराफटक पडला होता, आणि नंतर विचारल्यावर त्याने हेच सांगितलं की पहिला धक्का कुणालाच चुकत नाही, पुढे त्याला आपण होकार देतो की नाही एवढंच आपलं. शिवाय चांगल्या भावनाही ते मानायचे. निखळ आनंद, सावधपणा आणि दुसऱ्याचं भलं व्हावं ही इच्छा. तुम्ही मात्र पहिल्या धक्क्यालाच दारात अडवलंत आणि वर्षभर कडी लावून ठेवलीत.

आता ईश्वरी योजनेचा प्रश्न. तुम्ही पुस्तकात वाचलंत ते खरं आहे, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. झेनो नावाचा सायप्रसचा माणूस इसवी सनपूर्व ३०० च्या सुमारास अथेन्सच्या बाजारपेठेजवळच्या एका रंगवलेल्या ओसरीत शिकवू लागला. ओसरीला ग्रीकमध्ये स्टोआ म्हणतात, म्हणून हे स्टोइक. आपल्या भाषेत ओसरीवरची मंडळी. ही मंडळी विश्वाला एक जिवंत, विचार करणारं शरीर मानत. त्यातली बुद्धी म्हणजेच त्यांचा देव. जे घडतं ते त्या बुद्धीच्या योजनेनुसार घडतं, म्हणून ते स्वीकारायचं. झेनोनंतर गादीवर बसलेल्या क्लेआंथसने तर झ्यूसचं स्तोत्रच रचलं. तेव्हा स्टोइकांना कुणी आपल्यासारखे नास्तिक म्हणून दाखवत असेल तर ते खरं नाही.

पण त्यांच्यातलाच एक माणूस या प्रश्नाशी पुन्हा पुन्हा झुंजला. तोच मार्कस ऑरेलियस. इसवी सन १६१ ते १८० रोमचा सम्राट. साम्राज्यात साथ, डॅन्यूब नदीवर लढाया, तेरा-चौदा मुलं झाली आणि त्यातली निम्म्याहून जास्त डोळ्यांदेखत गेलेली. छावणीत तो स्वतःसाठी टिपणं लिहायचा. आपल्याकडे सज्जनगडावरच्या समर्थांनी मनालाच 'मना' म्हणून हाक मारली, तशी ही स्वतःशी केलेली बोलणी. त्यात अनेकदा एक कोडं येतं. जगामागे योजना आहे, की नुसते अणू आदळताहेत? उत्तर तो पक्कं करत नाही. मनाने तो योजनेच्या बाजूचा आहे, तरी दुसरी शक्यता उघडी ठेवतो आणि म्हणतो, समजा सगळा स्वैर गोंधळ आहे, तर तू तरी स्वैर वागू नकोस. अशा लाटेतही सुकाणू धरणारी बुद्धी तुझ्यात आहे, तेवढं पुरे मान.

ज्याला आज आपण इहवादी मानवतावाद म्हणतो तो माझ्या मते या दुसऱ्या शक्यतेतून आत शिरतो. योजना नाही असं धरून चाला आणि मग माणसाने कसं वागावं ते ठरवा. १९३३ साली अमेरिकेत मानवतावाद्यांचा पहिला जाहीरनामा निघाला. १९५२ साली अ‍ॅमस्टरडॅमला जगभरच्या मानवतावादी संघटना एकत्र आल्या आणि त्यांच्या संस्थापकांत भारतातली मानवेंद्रनाथ रॉय यांची मूलगामी मानवतावादी चळवळही होती. हे सगळं लांबचं वाटत असेल तर नकाशावर वाई पाहा, तुमच्यापासून दीडेकशे किलोमीटरवर. प्राज्ञपाठशाळेत न्याय आणि वेदान्त शिकलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच रॉय यांच्या विचाराकडे वळले आणि वाईतच बसून त्यांनी मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं. शास्त्र्याचा मानवतावादी झाला म्हणून त्यांनी संस्कृत ग्रंथ फेकून दिले नाहीत. जुन्यातलं काय घ्यायचं आणि काय ठेवून द्यायचं, हे विवेकाने ठरवायचं असतं. तुम्हीही स्टोइकांच्या बाबतीत तेच करत आहात, त्यात लबाडी नाही. तत्त्वज्ञान म्हणजे देवघरातला नैवेद्य नव्हे की एक पदार्थ कमी पडला तर सगळं बाटलं.

परंतु इथे एक हिशेब आहे आणि तुम्ही दिवाणजी आहात म्हणून त्याच भाषेत सांगते. जमेच्या बाजूची एक रक्कम खोडली तर ताळेबंद तसाच राहत नाही.

जुन्या स्टोइकाला मुलगा गेला तर तो म्हणू शकत होता की विश्वाच्या बुद्धीने दिला होता, तिनेच परत नेला, आणि यात सगळ्यांचं कल्याण आहे. हा फार मोठा आधार आहे. तुम्हाला तो नाही. मलाही नाही. तुमचे बाबा गेले ते कुणाच्या योजनेत बसत होतं म्हणून गेले नाहीत. शरीर थकलं, अवयव बंद पडत गेले आणि ते गेले. हे मान्य केल्यावर जी जागा रिकामी होते तिथे काय ठेवायचं? व्हिडिओवाले काहीच ठेवत नाहीत. योजना काढली, नाती वगळली आणि मागे उरलेला एकटा कणखर गडी विकायला मांडला. मानवतावादाचं उत्तर वेगळं आहे. वरून कुणी बघत नाही, म्हणूनच आपण एकमेकांकडे बघायला हवं. नियतीचा आधार सोडलेल्या माणसाला माणसांचा आधार कमी लागत नाही, दुपटीने लागतो. तुम्ही देव सोडलात तेव्हा ते धाडस होतं. त्यानंतर माणसंही सोडायला लागलात, तिथे वाट चुकली.

गंमत पाहा, या नात्यांच्या बाबतीत स्टोइक आपल्या फार जवळचे निघतात. दुसऱ्या शतकात हिरोक्लीस नावाचा त्यांच्यातला एक जण होता. तो म्हणे, प्रत्येक माणसाभोवती वर्तुळं आहेत. आत आपण, मग घरचे, मग भाऊबंद, मग गाव, शेवटी सगळी मानवजात. शहाण्या माणसाने बाहेरची वर्तुळं आत ओढत राहावं. कसं ओढायचं? त्याने सुचवलेला एक उपाय असा की चुलत्याला बाप म्हणा, मावस-चुलत भावंडांना सख्खी भावंडं म्हणा, हाक मारतानाच माणूस एक पायरी जवळ आणा. आपण तर भाजीवालीला मावशी म्हणतो, एसटीतल्या अनोळखी म्हाताऱ्याला काका म्हणतो, आणि तुम्ही मला न बघता ताई म्हणून पत्र लिहिलंत. हिरोक्लीस हे ऐकून खूश झाला असता.

कुणी म्हणेल की हे सगळं गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहेच, स्थितप्रज्ञ म्हणजे हाच. साम्य आहे, नाकारत नाही. पण घाईने एकाला दुसऱ्यात मिसळलं की दोन्ही धड कळत नाहीत. आणि दुसरी गल्लत मला जास्त धोक्याची वाटते. 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' हे तुकोबांचं वचन अर्धं तोडून लोक हातपाय गाळायला वापरतात, तसंच 'हाताबाहेरचं आहे' हे आता वापरलं जातं. तुम्ही गल्लीच्या कामातून अंग काढलंत ते याच वाक्यावर टेकून.

पुराचंच घ्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. पाऊस किती पडणार, कोयनेतून किती सोडणार, खाली अलमट्टीत किती अडवणार, यातलं काय तुमच्या हातात होतं? काहीच नाही. आणि तरी तुम्ही आठ दिवस बोटीवर होतात. दुसऱ्या मजल्यावर अडकलेल्या म्हातारीला खाली उतरवणं तुमच्या हातात होतं, ते तुम्ही केलंत. तेव्हा तुम्ही एकही व्हिडिओ पाहिला नव्हता आणि तेव्हाच तुम्ही खरे स्टोइक होतात. सिसेरो या रोमन लेखकाने त्यांच्या वतीने धनुर्धराचं उदाहरण दिलं आहे. नेम धरणं, दोरी ताणणं, बाण सोडणं, यात धनुर्धराने कसूर ठेवायची नाही. बाण लागेलच हे त्याच्या हातात नाही. यातलं शेवटचं वाक्य तेवढं घेऊन धनुष्यच खुंटीला टांगायचं, असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही.

सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाईंकडे पाहा. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. साथ त्यांच्या हातात नव्हती. मुंढव्याकडचं आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत चालत जाणं हातात होतं. त्या गेल्या, आणि त्याच साथीने त्यांना नेलं.

इथे स्टोइकांमधली एक उणीवही बोलायला हवी. सेनेकाने लिहिलं की गुलाम हीसुद्धा माणसंच आहेत, त्यांना जेवायला जवळ बसवा. माणूस माणसाला पवित्र असतो, असंही त्याने म्हटलं. त्या काळात हे मोठंच. पण त्याच्या स्वतःच्या घरात गुलाम होतेच, आणि साम्राज्याच्या गादीवर स्टोइक सम्राट बसला तरी गुलामगिरी उठली नाही. मन मोकळं ठेवा, साखळी असू दे, असा त्यांचा कल होता. साखळी तोडायची असते हे सांगायला पुढची माणसं यावी लागली. आपल्याकडे जातीच्या बाबतीत कुणी 'हे हाताबाहेरचं आहे, मनातून मुक्त व्हा' म्हटलं असतं तर काय झालं असतं? म्हणून मी स्टोइकांकडून मनाची शिस्त घेते आणि मानवतावादाकडून अन्यायाबद्दलची चीड. ज्या डॉक्टरांचं भाषण तुम्ही ऐकलंत ते मिरजेला वैद्यक शिकले, साताऱ्यात राहिले, आणि जादूटोणाविरोधी कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. कायदा होणं त्यांच्या हातात नव्हतं. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला, डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. बाण पोचला, पण त्यांनी पाहिला नाही.

वर्षश्राद्धाचं आता.

गोपाळ गणेश आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. त्यांच्याइतका सडेतोड बुद्धिवादी आपल्याकडे दुसरा झाला नाही. इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार, हा त्यांचा बाणा. जिवंतपणी विरोधकांनी पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली तरी ते हलले नाहीत. पण घरात यशोदाबाईंवर त्यांनी आपला अविश्वास लादला नाही. याला काही जण विसंगती म्हणत आले आहेत. मला त्यात विसंगती दिसत नाही. ज्याला स्वतःच्या बुद्धीने चालायचा हक्क हवा, त्याने तो शेजारच्या माणसालाही द्यायचा असतो.

म्हणून माझं मत असं. तुम्ही संकल्प सोडायला बसू नका. ज्या शब्दांवर विश्वास नाही ते आईच्या समाधानासाठी ओठांनी म्हणणं म्हणजे तिला फसवणं, आणि आयांना ते कळतं. एखादा चुलतभाऊ बसेल. पण त्या दिवशी यार्डात सौदे आहेत म्हणून दुकानात जाऊ नका. घरात थांबा. पंगतीत वाढा, बाबांना आवडायचं ते काय करायचं हे आईला आठ दिवस आधी विचारा आणि सामान तुम्ही आणा. आईला आधीच, एकटीला, नीट सांगा. "आई, मला मंत्र जमणार नाहीत. पण मी दिवसभर तुझ्याजवळ आहे." ती रागावेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. तिच्या त्या रागासमोर बसून राहा, उठून जाऊ नका. संध्याकाळी पाहुणे पांगले की मुलीला यार्डात घेऊन जा आणि आजोबा कुठे उभे राहून काटा बघायचे ती जागा दाखवा. त्यांच्या गोष्टी सांगा. हरिपूरच्या पेवांत हळद कशी साठवायचे, कोणत्या व्यापाऱ्याशी त्यांचं भांडण झालं, मापात मारायला ते कधी तयार झाले का नाही. तिच्या प्रश्नाला तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. आवडायचे, एवढं तोंडाने सांगा, आणि सांगताना आवाज फुटला तर फुटू द्या.

वर्षभर झोप, भूक, कामातलं मन यांत फार बिघाड झाला असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला लाजू नका, मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू केली, तिचं मूळ त्याने स्वतः एपिक्टेटसपर्यंत नेऊन दाखवलं होतं. घटनेपेक्षा घटनेबद्दलची आपली समजूत आपल्याला जास्त छळते, हे ते सूत्र. तेव्हा दवाखान्यात गेलात म्हणजे तत्त्वज्ञान हरलं असं समजू नका, त्याच ओसरीच्या दुसऱ्या दाराने आत जाल.

गल्लीचं काम पावसाळ्याआधी सुरू करा. पुराची तयारी, कोणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं कोण आहे, एवढी यादी जरी केलीत तरी चालेल. याद्या करण्यात तुमचा हात धरणारं कोण आहे?

आणि आज रात्री बहिणीला फोन करा. बाबा शेवटी काय बोलत होते, ते विचारा. कदाचित ते रागाचं असेल, कदाचित नुसतं "जेवला का तो?" असेल. जे असेल ते तिला पूर्ण सांगू द्या. गाडीत बसून फोन करू नका, घरात करा, बायको शेजारी असताना. ती बोलत असेतोवर फोन ठेवू नका.